ए की ई: आमच्या गावातल्या रविवारच्या इंग्रजी क्लासबद्दल

आधीच सांगून टाकते, या क्लासशी माझा थोडा व्यवहार आहे. सर त्यांच्या नोट्सच्या झेरॉक्स माझ्याच दुकानात काढतात, पाठपोट तीन रुपये, आणि मी त्यांना एक पैसाही कमी करत नाही. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

माझं दुकान तहसील कचेरीच्या फाटकासमोर. ॲफिडेव्हिट, भाडेकरार, बायोडेटा, लग्नातल्या जेवणाचे मेनू, गणपती मंडळांच्या स्मरणिका, जे येईल ते टाइप करून देते. इंग्रजी चाळीसची परीक्षा मी खडखडणाऱ्या मशिनवर पास झाले, त्यामुळे बोटं चालतात. शब्द बरोबर आहे का, हे बोटांना कुठलं कळायला?

गेल्या पावसाळ्यात सर झेरॉक्सला आले होते. मशिनमध्ये कागद अडकला म्हणून मी खाली वाकलेली, आणि हे बाहेर पायरीवर उभं राहून दुकानाची पाटी वाचतायत. आत येऊन म्हणाले, "ताई, तुमचं दुकान जागचं हलत नाही वाटतं?"

मी म्हटलं, "दुकान कसं हलेल, सर?"

"मग बरोबर आहे पाटी."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी माझ्याच पेनने माझ्याच रद्दी कागदावर दोन स्पेलिंगं लिहून दाखवली. वह्या-पेन्सिली विकणारी स्टेशनरी शेवटी ई-आर-वाय. माझ्या पाटीवर होतं ए-आर-वाय, म्हणजे स्थिर, एका जागी ठप्प. 2003 साली दुकान टाकलं तेव्हापासून फूटभर उंचीच्या निळ्या अक्षरांत मी अख्ख्या तालुक्याला सांगत होते की इथे झेरॉक्स मिळते आणि दुकान चालत नाही. "पेंटरची चूक," मी म्हणाले. सर म्हणाले, "असेल." आणि नोट्स पिशवीत घालून गेले. त्या रविवारी मी क्लासला नाव घातलं.

फी 1,800 रुपये, दहा रविवार, सकाळी दहा ते बारा. जागा म्हणजे सरांच्या घराचा पुढचा सोपा. प्लास्टिकच्या नऊ खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय वाकडा, उशिरा येणाऱ्याला ती मिळते. अकरा वाजता काकू चहा देतात, तो फीमध्येच धरलाय. सर हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. क्लासचा विषय एवढाच: इंग्रजीतले एकमेकांत मिसळणारे शब्द. "फाडफाड बोला" वगैरे काही नाही. आमच्या बॅचला कोर्टातले एक क्लार्कभाऊ होते, मेडिकलमध्ये काम करणारी एक फार्मासिस्ट मुलगी, पतसंस्थेचे एक वसुली अधिकारी, बँकेच्या परीक्षा देणारी तीन पोरं, दोन प्राथमिक शिक्षिका आणि मी.

पहिला रविवार या क्लासचा सगळ्यात चांगला. सरांनी फळ्यावर इंग्रजी एक अक्षर लिहिलं नाही. देवनागरीत शब्द लिहिले: स्टेशनरी, बर्थ, कास्ट, सोल, प्रिन्सिपल, हेअर, साइट. म्हणाले, स्पेलिंगं लिहा. आम्ही प्रत्येकाने एकेक लिहिलं आणि वर पाहिलं. सर म्हणाले, "एकच? मी तर प्रत्येकाची दोन मागतोय. शेवटच्याची तीन."

तिथे माझी ट्यूब पेटली. हे शब्द आम्ही पुस्तकातून घेतलेलेच नाहीत, कानाने घेतलेत. मराठीत लिहिताना 'बर्थ सर्टिफिकेट' मधला बर्थ आणि रेल्वेचा लोअर बर्थ एकच दिसतात आणि एकच ऐकू येतात. जन्माचा आय घालून लिहायचा, झोपायच्या फळीचा ई घालून. कॉम्प्युटर लाल रेघ मारत नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या लेखी शुद्धच. मी इतकी वर्षं लाल रेघ नाही म्हणजे काम चोख, असं धरून चालले होते.

कास्टचं तर काय सांगू. माझ्या कॉम्प्युटरवर 'कास्ट न्यू', 'कास्ट न्यू 2', 'कास्ट फायनल' असे फोल्डर आहेत आणि तिन्हींत शेवटचा ई नाही. ई नसलेला कास्ट म्हणजे सिनेमातला नटसंच, किंवा ओतीव लोखंडातलं ओतीव. जातीचा तो ई वाला. सरांनी सांगितलं की हा शब्द पोर्तुगीजांच्या 'कास्ता' वरून आला, वंश किंवा कूळ अशा अर्थाचा. पोर्तुगीज 1498 ला आपल्या किनाऱ्याला लागले, इथली व्यवस्था त्यांनी पाहिली आणि आपल्याकडचा शब्द तिला चिकटवला, तो इंग्रजांनी उचलला. आज आम्ही तोच शब्द कास्ट व्हॅलिडिटीच्या रांगेत उभं राहून वापरतो. फोल्डरची नावं मी अजून बदललेली नाहीत. बदलली तर मलाच सापडायची नाहीत.

'लीगल हेअर' वरून मात्र वाद झाला. वारस या अर्थाच्या शब्दात पहिला एच नुसता लिहायचा, उच्चारायचा नाही. म्हणजे तो शब्द हेअर नाहीच, एअर आहे. आवर, ऑनर, ऑनेस्ट यांच्या पंगतीतला. आम्ही म्हणतो ते हेअर म्हणजे डोक्यावरचे केस. सर म्हणाले, "तुम्ही कोर्टात रोज कायदेशीर केसांचा दाखला मागता." सगळे हसले, पण क्लार्कभाऊ हसले नाहीत. ते म्हणाले, "सर, मी खिडकीवर 'लीगल एअर' म्हटलं तर पक्षकार विचारतील, विमानाचं तिकीट इथं मिळतं का." मला क्लार्कभाऊंचं पटलं. मी लिहिताना ई-आय घालून नीट लिहीन, तोंडाने हेअरच म्हणेन. समोरच्या आजीला दाखला मिळाल्याशी मतलब.

दुसऱ्या रविवारी सरांनी स्टेशनरीचं कूळ काढलं. युरोपात जुन्या काळी पुस्तकं-कागद विकणारे बरेचसे फिरते असायचे. विद्यापीठाच्या आसपास जो एका जागी ठिय्या मांडून विकायचा, तो 'स्टेशनर', आणि त्याच्याकडे मिळणारा माल तो स्टेशनरी. लंडनमध्ये या लोकांच्या संघाला 1557 मध्ये राजसनद मिळाली. म्हणजे ए वाली आणि ई वाली एकाच आईच्या लेकी, आणि त्या आईचं मूळ आपल्या 'स्था' धातूशी जुळणारं: स्थान, स्थिर, स्थानक. हे ऐकल्यावर मला पाटीबद्दल जरा कमी वाईट वाटलं. मी आधी तीन वर्षं कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकून बसायचे, पाऊस आला की मशिनवर ताडपत्री. मग गाळा घेतला. म्हणजे मी खरीखुरी स्टेशनर आहे, ठिय्या मांडलेली.

आता भाडेकराराकडे येते, कारण माझी निम्मी कमाई त्यावर. लोक येतात आणि म्हणतात, "लिव्ह अँड लायसन्स करायचंय." कोणी कच्चा मसुदा मोबाइलवर टाइप करून आणतं, त्यात पहिलाच शब्द एल-आय-व्ही-ई. राहायचंच आहे ना घरात, मग 'लिव्ह' म्हणजे राहणं, असं त्यांचं गणित. खरा शब्द 'लीव्ह'. फार्मासिस्ट मुलीने विचारलं, "पण लीव्ह म्हणजे सोडून जाणं, नाहीतर सुट्टी. भाडेकरारात सुट्टी कशाला?" सरांनी उत्तर दिलं ते मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते. म्हणाले, "मराठीत रजा म्हणजे काय?" सुट्टी. "आणि 'आम्हाला रजा द्या' म्हणतो तेव्हा?" निघायची परवानगी. "तेच. लीव्ह म्हणजे रजा, दोन्ही अर्थांनी. इथे परवानगीच्या अर्थाने." एका मराठी शब्दात गाठ सुटली. मालक रजा देतो, भाडेकरू राहतो.

त्याच करारातलं लायसन्स वेगळंच त्रांगडं. ब्रिटिश पद्धतीत नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या इंग्रजी पाठातही नाम सी घालूनच आहे. पण परवानगी देणारा लायसेन्सर आणि घेणारा लायसेन्सी दोघेही एस वाले. अमेरिकेत सगळीकडेच एस, म्हणून इंटरनेटवरून उचललेल्या मसुद्यात खिचडी असते. लक्षात ठेवायला सरांनी 'ॲडव्हाइस' ची खूण दिली. सल्ला हे नाम 'स' ने संपतं आणि सी ने लिहितात. सल्ला देणे हे क्रियापद 'झ' ने संपतं आणि एस ने लिहितात. इथे कान मदत करतो. लायसन्स आणि प्रॅक्टिसमध्ये उच्चार एकच असल्याने कान मदत करत नाही, पण साचा तोच. हे मी पुठ्ठ्यावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलंय.

सर मराठीकडून आले की क्लास रंगतो. 'पासून' वर त्यांनी अख्खा तास घेतला. आपण म्हणतो 2010 पासून, आणि आपणच म्हणतो पंधरा वर्षांपासून. मराठीला दोन्ही चालतात. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स', काळाची लांबी मोजायची असेल तर 'फॉर'. आमचं सगळं गाव 'सिन्स फिफ्टीन इयर्स' म्हणतं, कारण डोक्यात 'पासून' चालू असतं. मी घरी न जाता थेट दुकान उघडून रहिवासाच्या ॲफिडेव्हिटचा फॉरमॅट बघितला. दुसरंच वाक्य: 'आय ॲम रिसायडिंग ॲट द अबव्ह ॲड्रेस सिन्स लास्ट' आणि पुढे रिकामी जागा, वर्षांचा आकडा भरायला. शिवाय 'ॲम' च्या जागी 'हॅव बीन' हवं होतं. दुरुस्त केलं. आठ दिवसांत एक माणूस कागद घेऊन परत आला, "मॅडम, ते म्हणतात नेहमीच्या फॉरमॅटमध्ये आणा." आता माझ्याकडे दोन फाइली आहेत, एक बरोबर आणि एक नेहमीची.

उसन्याचंही तसंच. मराठीत उसना शब्द एकच, त्याला देणे-घेणे जोडलं की दिशा कळते. इंग्रजीत दिशेप्रमाणे शब्दच वेगळा, 'लेंड' आणि 'बॉरो'. पतसंस्थेच्या अधिकाऱ्यांनी वाक्य केलं, 'आम्ही सभासदांना कर्ज देतो', आणि घातलं 'बॉरो'. सर म्हणाले, "म्हणजे तुमची संस्थाच सभासदांपुढे हात पसरतेय." ते म्हणाले, "ठेवींच्या बाबतीत खरंच आहे, सर." याच माणसाला प्रिन्सिपलचे दोन प्रकार सांगताना सर म्हणाले होते, "ए-एल वाला म्हणजे प्राचार्यही आणि मुद्दलही. एल-ई वाला म्हणजे तत्त्व. तत्त्वाचं काय ते तुम्ही बघा, मुद्दल बुडू देऊ नका."

इथवर वाचून सगळं गोडच वाटेल. तसं नाही. चौथा, पाचवा आणि सहावा रविवार मला फुकट गेल्यासारखा वाटला. सरांकडे शंभर जोड्यांची एक यादी आहे, कुठल्याशा जुन्या इंग्रजी पुस्तकातून उतरवलेली. ती आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत दळली. गुहेच्या छतावरून लटकणारा चुनखडीचा सुळका आणि जमिनीवरून वर येणारा सुळका यांना इंग्रजीत दोन नावं आहेत. असतील. ती मला आयुष्यात कधी टाइप करावी लागतील असं वाटत नाही. आणि आम्हाला रोज लागणारी जोडी, नगरसेवक आणि समुपदेशक, त्या यादीत नाही. दोन्हीचा उच्चार आपण 'काउन्सिलर' करतो. नगरसेवकाचा सी-आय-एल, समुपदेशकाचा एस-ई-एल. मी एका माजी नगरसेवकांना दोनशे व्हिजिटिंग कार्डं छापून दिली होती, त्यावर ते माजी समुपदेशक झाले होते. त्यांनी दीडशे वाटल्यावर सुनेच्या लक्षात आलं. ती उरलेली पन्नास घेऊन आली, मी पैसे परत केले. हे मी क्लासमध्ये सांगितलं तेव्हा सरांनी ती जोडी यादीत हाताने लिहिली, एकशेएकावी. पुढच्या बॅचला छापील मिळेल, मास्टर कॉपी माझ्याकडेच आहे.

यादीतल्या पाठांतराच्या युक्त्याही इंग्रज पोरांसाठी केलेल्या. प्रिन्सिपलच्या शेवटी 'पॅल', म्हणजे प्राचार्य तुमचा दोस्त. आमच्या शाळेत प्राचार्यांना दोस्त म्हटलं असतं तर दाखला हातात मिळाला असता. फार्मासिस्ट मुलगी पटकन म्हणाली, "पी-ए-एल, पाल! प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये पाल." झालं, कायमचं बसलं. मग आम्ही आमच्याच युक्त्या करायला लागलो. ए वाली स्टेशनरी अचल. शेवटच्या गोड पदार्थाला एस दोन, शिरा आणि श्रीखंड; वाळवंटाला एकच, सहारा. उच्चारही उलटे आहेत: वाळवंट ते 'डेझर्ट', गोड ते 'डिझर्ट'. लग्नाच्या मेनूत आपण डेझर्ट म्हणतो आणि मी एकाच एसने लिहीत आले, म्हणजे पंगत उठायच्या आधी वऱ्हाडाला वाळवंट वाढत आले. सरांनी या युक्त्या हसत ऐकल्या पण वहीत घेतल्या नाहीत. ही माझी मुख्य तक्रार. यादी बाजूला ठेवून नऊ जणांच्या रोजच्या कागदांतून शब्द काढले असते तर तीन रविवार वाचले असते.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' ला मात्र मी नावं ठेवणार नाही. सरांनी नियम सांगितला: ए वालं बहुतेक वेळा क्रियापद, ई वालं बहुतेक वेळा नाम. क्लार्कभाऊंनी लगेच हात वर केला. "समन्स बजावलं की आम्ही 'सर्व्हिस इफेक्टेड' लिहितो, ई घालून. ते क्रियापद नाही का?" आहे, आणि बरोबरही आहे. तिथे अर्थ परिणाम करणे नाही, घडवून आणणे, तडीस नेणे. सरांचा चेहरा असा खुलला की त्या दिवशी चहाबरोबर चिवडाही आला.

दुसरी तक्रार: सर थोडे सोवळे आहेत. 'प्रीपोन' त्यांना चालत नाही, म्हणे हा शब्दच नाही. बँकेवाल्या पोराने मोबाइलवर शब्दकोश काढून दाखवला, शब्द होता आणि पुढे 'भारतीय' अशी नोंदही. सर म्हणाले, "मोबाइलवर काहीही असतं." 'पास आऊट' वरही तेच. इंग्रजीत त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं. फार्मासिस्ट मुलगी म्हणाली, "मग आमची आख्खी बॅच 2019 ला बेशुद्ध पडली." मला राहवलं नाही, मी विचारलं, "सर, खडकवासल्याला एनडीएची पासिंग आऊट परेड होते, ती काय कॅडेट चक्कर येऊन पडतात म्हणून?" सरांनी चष्मा पुसला आणि पुढच्या शब्दाकडे वळले.

घरी आल्यावर मी गेल्या वर्षीच्या गणपती स्मरणिकेची फाइल उघडली. जाहिरातींच्या वर 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम' असतं ना, ते तपासायला. आय घातला तर शुभेच्छा, ई घातला तर पूरक वस्तू. पूरकवाला 'कम्प्लीट' चा भाऊ, म्हणून दोघांत ई, हे सरांनी सांगितलेलं. अठरा जाहिराती होत्या. अकरांत आय, सातांत ई. म्हणजे मला धड चुकीचंही येत नव्हतं. मंडळाच्या एकाही जाहिरातदाराने तक्रार केली नाही, हे खरं. पण त्याच अंकाच्या मराठी पानावर 'वर्धापनदीन' छापलं गेलं तेव्हा तीन फोन आले होते. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, हे आमच्या गावात लोकांना कळतं आणि ते फोन करून कळवतातही.

कोणी जावं? टाइप करणारे, कचेरीत काम करणारे, शिक्षक, इंग्रजी येतं पण हात अडखळतो असे. ज्यांना बोलायला शिकायचंय त्यांनी जाऊ नये, सर बोलायची संधी फार देत नाहीत, आणि कोणी चुकलं की वाक्य मध्येच तोडतात. पहिल्या तीन रविवारांना 1,800 रुपये द्यायला मी आजही तयार आहे, उरलेल्या सातांत शेवटचे दोन बरे. दहा वाजता म्हणजे सव्वादहा. वाकड्या पायाची खुर्ची अजून बदललेली नाही. पुढची बॅच दिवाळीनंतर.

पाटी मात्र मी दुरुस्त करून घेतली. तोच पेंटर शोधला, आता त्याचा मुलगा फ्लेक्स करतो आणि हा क्वचितच ब्रश धरतो. एका अक्षराचे दीडशे रुपये मागितले. मी म्हटलं, "चूक तुझी, पैसे मी द्यायचे?" तो शिडीवरून खाली उतरला, पिशवीतली जुनी डायरी काढली, फडक्याने पुसून मधलं पान उघडलं. कामांचे कागद तो त्यात डिंकाने चिकटवून ठेवतो. 2003 चा माझा कागद होता तिथे, पाटीचा मजकूर, माझ्या हस्ताक्षरात, ए-आर-वाय, आणि खाली माझीच सूचना: स्पेलिंग नीट बघून घालणे.